आधी तांबडा समुद्र, मग सीनाय

नियमशास्त्र पाळून कुणाचेही तारण होत नाही, हे साध्यातल्या साध्या विश्वासणाऱ्यालाही ठाऊक असते. मग देवाने नियमशास्त्र दिले कशाला? हा प्रश्न कुणा टीकाकाराने बाहेरून टाकलेला नाही. गलतीकरांना लिहिताना पौलाने तो स्वतःच विचारला आणि उत्तरही दिले. त्या उत्तराचा अर्थ काय, यावर ख्रिस्ती जगात आजही एकमत नाही.

हा केवळ पंडितांचा वाद असता तर त्यांच्यावरच सोडून दिला असता. पण त्याची फळे आपल्या मंडळ्यांत दिसतात. दशमांश दिला नाही तर मलाखीच्या पुस्तकातला शाप लागेल, असे सांगणारे उपदेशक आहेत. बाईने दागिने उतरवले तरच तिचा विश्वास खरा, असे मानणारे गट आहेत. आणि कृपेने सगळे माफच आहे या भरवशावर शेजाऱ्याचा बांध कोरणारेही आहेत. यांपैकी कुणालाच नियमशास्त्र कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलेले नसते.

या प्रश्नावरची दोन मते इथे एका घरातल्या दोघांच्या तोंडी घातली आहेत. मामा नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पाळक म्हणून आयुष्य घालवलेले, आता निवृत्त. भाची पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करणारी. ही दोघे कल्पित आहेत. मते मात्र आपल्या मंडळ्यांत रोज ऐकू येणारी आहेत.

मामा : तू वकील, तुला नियमाचं अगत्य असणारच. मी मात्र जन्मभर उपदेशात एकच सांगत आलो. नियमशास्त्र माणसाला त्याचं पाप दाखवतं आणि ख्रिस्ताकडे पाठवतं. तिथं त्याचं काम संपतं.

भाची : संपतं? मग ११९वं स्तोत्र लिहिणाऱ्याला काय म्हणायचं? १७६ वचनं, आणि जवळजवळ प्रत्येकात नियमशास्त्राची गोडी. ज्या गोष्टीनं आपल्याला फक्त दोषी ठरवलं, तिच्यावर कुणी इतकी माया करील का, मामा?

मामा : शेवटचं वचन वाचलंस? इतकी थोरवी गाऊन झाल्यावर तो म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, देवानंच मला शोधावं. नियमावर मनापासून प्रेम करणारा माणूसही शेवटी शोधणाऱ्याचीच वाट बघतो. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. लूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात गेला. उपवास केले, जागरणं केली, तासन्‌तास पापांगीकार केला. जितकं अधिक पाळावं तितका देव अधिक कठोर न्यायाधीश दिसू लागला. ती कोंडी फुटली रोमकरांस पत्र वाचताना.

भाची : लूथरची कोंडी मी नाकारत नाही.

मामा : लूथर लांबचा वाटत असेल तर आपल्या रमाबाई घे. शास्त्रांचं ओझं काय असतं, ते पंडिता रमाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण पुढं आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला सुमारे आठ वर्षं गेली. एवढी विदुषी, एवढी कष्टाळू, आणि तरी आठ वर्षं! आपण काय करतो यावरून नजर काढून त्यानं काय केलं याच्याकडे ती वळवणं इतकं अवघड असतं.

भाची : मान्य. पण लूथरचा अनुभव पौलावर लादायचा का? स्वीडनचे क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ साली एका निबंधात हाच प्रश्न उभा केला. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की नियमशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर आपण निर्दोष होतो. हे मठात तळमळणाऱ्या माणसाचे बोल नाहीत. पौलाची अडचण निराळी होती. परराष्ट्रीय लोक ख्रिस्ताकडे येत होते. त्यांनी सुंता करून घेऊन आधी यहुदी व्हायचं की नाही? इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषित बसले ते याच प्रश्नावर. सुंतेचं जोखड त्यांनी घातलं नाही. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि व्यभिचार, एवढ्यापासून दूर राहा म्हणाले. आणि अंत्युखियात काय झालं? पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून माणसं आली, तसा तो पंगतीतून बाजूला झाला. त्याच्यामागं बर्णबाही गेला. पौल सगळ्यांसमोर पेत्राला बोलला. विश्वासानं नीतिमान ठरण्याची शिकवण गलतीकरांच्या पत्रात येते ती या जेवणाच्या गोष्टीला लागून.

(भाचीचे हे बोलणे मराठी वाचकाने थांबून ऐकावे. कोण कुणाच्या पंक्तीला बसतो, यावर माणसाची किंमत ठरवणारा आपला समाज. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सोवळे सुटण्याची जी कथा आहे, ती वाचलेल्याला अंत्युखियाचे भांडण समजावून सांगावे लागत नाही. पेत्राने तोंडाने कोणतीही चुकीची शिकवण दिली नव्हती. तो फक्त उठून दुसरीकडे बसला. पौलाने त्यात सुवार्तेचा नकार पाहिला. आपल्या चर्चमध्येही ख्रिस्ती झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या जात पाहून सोयरिकी होत आल्या. तेव्हा हा अध्याय आपण वाचला कसा, असे विचारावेसे वाटते.)

भाची : आणि आता पुरावाही आहे. ‘नियमशास्त्राची कृत्ये’ हा पौलाचा शब्दप्रयोग मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका इब्री पत्रात मिळतो. ते रीतसर छापलं गेलं १९९४ साली. त्यात चर्चा आहे शुद्धाशुद्धतेची, अर्पणांची, आपला गट इतरांहून वेगळा कसा याची. स्वर्गात जागा कमावण्याची नाही. ई. पी. सँडर्स या अभ्यासकांनी १९७७ सालीच सांगितलं होतं की त्या काळचा यहुदी माणूस देवाच्या करारात आधीच असायचा. नियम पाळायचा तो करारात राहण्यासाठी, आत शिरण्यासाठी नाही. त्याच्या नियमशास्त्रात तर पापाच्या क्षमेचीही सोय होती. लेवीयचा सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस. शतकानुशतकं आपण यहुद्यांना कर्मठ, पुण्य मोजणारे म्हणून हिणवलं. तो अन्याय होता.

मामा : अन्याय होता, हे मी मानतो. त्याची युरोपात किती भयंकर किंमत मोजली गेली तेही जाणतो. पण बाळ, तुझ्या सँडर्ससाहेबांना रोमकरांसचा सातवा अध्याय विचार. नियमशास्त्रानं पाप कसं जागं केलं हे सांगताना पौल कोणती आज्ञा निवडतो? सुंतेची नाही, खाण्यापिण्याची नाही, शब्बाथाची नाही. लोभाची. दहावी. तीत पंक्तीचा प्रश्न नाही आणि यहुदी-परराष्ट्रीय हा भेदही नाही. शेजाऱ्याचं घर बघून मनात जे येतं, त्याचा प्रश्न आहे. चौथ्या अध्यायात तो दावीदाचं नाव घेतो, ते काय दावीद पंगतीतून उठला म्हणून? त्यानं दुसऱ्याची बायको नेली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं म्हणून. त्याला क्षमा मिळाली ती कोणत्या कृत्यानं? पौलाच्या मनात पंगत आहेच. पण पंगतीच्या खाली माणसाचं काळीज आहे. तुझे विद्वान पंगतीशी थांबतात.

भाची : (थोडे थांबून) लोभाच्या आज्ञेचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही.

मामा : आणि प्रभूचं डोंगरावरचं प्रवचन. खुनाच्या आज्ञेत तो राग धरतो, व्यभिचाराच्या आज्ञेत नजर धरतो. ते ऐकून कुणाला वाटेल की आपण पास झालो? पौल नियमाला रोमन घरातल्या त्या गुलामाची उपमा देतो, जो मुलाला हाताला धरून गुरूकडे नेतो आणि मूल मोठं झालं की बाजूला होतो. नेऊन सोडलं, काम झालं.

भाची : नेऊन सोडलं म्हणून शिकवलेलं सगळं टाकून द्यायचं का, मामा? त्याच प्रवचनात प्रभू म्हणतो की मी नियमशास्त्र रद्द करायला आलेलो नाही, पूर्ण करायला आलोय. आणि तुम्ही लूथरचं नाव घेता तर त्याचं पुढचं आयुष्यही घ्या. योहान आग्रिकोला हा त्याचाच मित्र. तो म्हणू लागला, मंडळीत नियम सांगायचाच नाही, फक्त सुवार्ता. त्याच्याविरुद्ध लूथरनं १५३९ साली लिहिलं. त्याच्या १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीत पहिला भाग कोणता? दहा आज्ञा. मग कॅल्व्हिन आला. पाप दाखवणं आणि दुष्टाला आवर घालणं हे नियमाचे उपयोग त्यानं मानलेच, पण विश्वासणाऱ्याला वाट दाखवणं हा मुख्य उपयोग म्हटला.

मामा : कॅल्व्हिनही नियमाचे भाग पाडतो. नैतिक नियम कायम, विधींचे नियम ख्रिस्तात संपले, इस्राएलाच्या राज्याचे नियम त्या राज्याबरोबर गेले. थॉमस अक्वायनसही तेच सांगून गेला. ही विभागणी नसेल तर तुझी वाट चालायची कशी?

भाची : लेवीयचा १९वा अध्याय उघडा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा १८व्या वचनात आहे. लगेच १९व्यात दोन प्रकारच्या धाग्यांचं वस्त्र घालू नये असं सांगितलंय. तिथं कुठं रेघ मारलीय का?

मामा : मग तू सुती-रेशमी साडी का नेसतेस?

भाची : कारण प्रभूनं त्या सगळ्या अध्यायातून १८वं वचन उचललं, देवावर प्रीती करण्याच्या आज्ञेच्या जोडीला बसवलं आणि सगळ्या शास्त्राचा भार त्या दोघींवर ठेवला. रेघ मोशेनं आखली नाही. ती ख्रिस्ताच्या हातून आली. म्हणून मी १३वं वचन सोडत नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवादच्या २४व्या अध्यायात पुन्हा तेच, सूर्य मावळायच्या आत द्या. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात पुन्हा तेच, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. मामा, तुमच्याच जिल्ह्यात गाळप हंगामात ऊसतोडीला कोयता येतो. नवरा-बायको उचल घेऊन येतात आणि हंगाम संपला तरी मुकादमाच्या वहीत देणेकरीच राहतात. त्या वह्यांचे झगडे मी बघते. ज्याच्या शेतात ती जोडपी राबतात तो माणूस ख्रिस्ती असेल, तर त्याला मी काय सांगू? नियमानं तुझं पाप दाखवलं, आता तू मोकळा? की मजुरी दे म्हणू?

मामा : मजुरी दे असंच म्हण. पण मजुरी दिली म्हणून तुझं तारण झालं, असं त्याला वाटू देऊ नकोस.

भाची : ते मी कधीच म्हणणार नाही. तारण आधी झालेलं असतं. निर्गमच्या पुस्तकाचा क्रम बघा. १२व्या अध्यायात वल्हांडण, १४व्यात तांबडा समुद्र, १६व्यात मान्ना, आणि २०व्यात सीनायवर आज्ञा. देवानं मिसरात येऊन असं म्हटलं नाही की आधी दहा आज्ञा पाळून दाखवा, मग सोडवतो. आज्ञांच्या पहिल्या वाक्यात आज्ञाच नाही. मी तुम्हाला गुलामगिरीच्या घरातून काढलं एवढंच आहे. यहुदी परंपरा त्या वाक्यालाच दहांतलं पहिलं मानते. आपण त्याला प्रस्तावना समजून पुढं जातो. शब्बाथाचं कारण अनुवादच्या पाचव्या अध्यायात काय दिलंय? तुम्ही मिसरात गुलाम होतात, म्हणून तुमच्या दासदासींनाही विसावा मिळू द्या. सुटलेल्या गुलामांनी स्वतः फारो होऊ नये, यासाठी हा नियम आहे.

मामा : हे तू चांगलं मांडलंस.

भाची : आपल्या कोकणात बघा ना. बेने इस्राएल लोक शतकानुशतकं रायगडच्या गावांत तेल गाळत राहिले. ग्रंथ हाती नव्हते, पण शनिवारी घाणा बंद. गावानं त्यांना नावच दिलं शनवार तेली. त्यांना त्या शनिवारनं चिरडलं असं कुणी म्हणेल का? त्या शनिवारनं त्यांना टिकवलं.

(इथे मला एक गोष्ट जोडायची आहे, कारण क्रम बदलला तर काय होते याचे याहून कडवट उदाहरण मला माहीत नाही. जून १९३४ मध्ये जर्मनीत आन्सबाख इथे काही लूथरपंथी धर्मपंडितांनी एक पत्रक काढले. त्यात विद्वत्तेत थोर गणले गेलेले लोक होते. देवाचा नियम माणसाला कुटुंब, राष्ट्र, वंश अशा जन्मजात व्यवस्थांमधून बांधतो, असे त्यांनी मांडले आणि नव्या राजवटीसाठी देवाचे आभार मानले. नियम सुवार्तेपासून तोडून वेगळा, आधी उभा केला की त्यात कुणीही काहीही भरू शकतो. पुढच्याच वर्षी धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी व्याख्यान लिहिले आणि मथळ्यातच क्रम उलटा केला: आधी सुवार्ता, मग नियम. जन्माने मिळालेली जागा हीच देवाची आज्ञा, हा दावा ज्या मराठी माणसाने ऐकला आहे, आणि तो झुगारून जे ख्रिस्ताकडे आले त्यांची ज्याला माहिती आहे, त्याला बार्थ यांचे हे पाऊल परके वाटू नये.)

मामा : क्रमाबद्दल माझं भांडण नाही. याकोब आणि पौल दोघं अब्राहामाचंच उदाहरण देतात, त्यातही क्रमच आहे. पौल उत्पत्तीच्या १५व्या अध्यायाशी थांबतो, जिथं अब्राहामानं नुसता विश्वास ठेवला. याकोब २२व्याशी जातो, जिथं त्यानं इसहाकाला वेदीवर ठेवलं. मध्ये कितीतरी वर्षं गेली. नीतिमान ठरला तो १५व्यात. २२व्यात ते दिसलं. लूथरला याकोबाचं पत्र फारसं आवडलं नाही, ते त्याचं चुकलं असं मीही म्हणतो. पण आता माझं ऐक.

भाची : सांगा.

मामा : पाळकाला मरणाच्या खाटेजवळ बसावं लागतं. ज्यांनी आयुष्यभर प्रामाणिक संसार केला, देवळात झाडलोट केली, कुणाची पै ठेवली नाही, असे लोक शेवटी हात धरून विचारतात, पाळकसाहेब, मी केलं ते पुरे होईल का? तिथं मी निर्गमचा क्रम समजावत नाही, लेवीय काढत नाही. मी म्हणतो, तुम्ही केलं त्यानं पुरणारच नव्हतं, त्यानं केलं ते पुरे आहे. ऐकून चेहरा सैल होतो. नियमशास्त्राला कितीही सुंदर जागा दे, पण त्या प्रश्नाच्या उत्तरात त्याला बसवू नकोस. एक आज्ञा जरी तिथं शिरली तरी तो माणूस पुन्हा हिशोब करू लागतो.

भाची : नाही बसवणार. पण मामा, तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलता त्यांची मजुरीच्या वहीतली नावं मी वाचते. त्यांना मरणाआधी जगायचंही असतं.

मामांनी यावर काही उत्तर दिले नसते, असे मला वाटते, आणि ते द्यायची गरजही नाही. दोघांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. मामांचा प्रश्न आहे, देवापुढे मी कशाच्या बळावर उभा राहू? भाचीचा प्रश्न आहे, उभा राहिल्यावर चालू कसा? हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की गडबड होते. चालण्याचे नियम उभे राहण्याच्या अटी झाले, की दशमांशाच्या शापाचे उपदेश निघतात. उभे राहणे मिळाले म्हणजे चालायचे कारण उरले नाही असे मानले, की बांध कोरला जातो.

१५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने हे फार नीट जाणले. नियमशास्त्राला तिने दोन जागा दिल्या. माणसाची दुर्दशा ओळखायला सुरुवातीला आणि दहा आज्ञा म्हणून शेवटच्या भागात. त्या भागाचे नाव कृतज्ञता. कॅथलिक आणि लूथरपंथी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हाही याच मुद्द्यावर ते जवळ आले: स्वीकार कृपेनेच, आणि सत्कृत्ये त्याची फळे. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्याही या घोषणेत सामील झाल्या. चार शतके एकमेकांना शाप देणाऱ्यांना इथपर्यंत येता आले, ही लहान गोष्ट नाही.

रमाबाईंची गोष्टही मामांनी अर्धीच सांगितली. ख्रिस्त सापडल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभारले, त्यांना लिहायला, छापायला, विणायला शिकवले. सगळे बायबल त्यांनी मराठीत आणले आणि ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, मुक्तीच्या छापखान्यातून पूर्ण छापून बाहेर पडले. लेवीयचे अध्यायही त्यात तितक्याच निष्ठेने केलेले आहेत. कृपा कळलेल्या बाईला नियमशास्त्राचे भय उरले नव्हते, म्हणून ती ते शब्दशः हाताळू शकली, असे माझे मत आहे.

माझा कौल भाचीच्या क्रमाला आहे, मामांनी मरणाच्या खाटेजवळ दिलेल्या उत्तरासकट. पाळकांना आणि रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेण्याआधी त्यांना निर्गमचे पहिले एकोणीस अध्याय सांगा, आणि पाठांतराची सुरुवात मिसरातून सोडवल्याच्या वाक्याने करा. आणि शापाची भीती घालून गरिबाच्या घरातून दशमांश उचलणे या रविवारपासून बंद करा.